नवीन रंग मारलेल्या गाडीला वॅक्स कधी लावायचं आणि कसं लावायचं

गाडी पेंट करून आणली की हात शिवशिवायला लागतात, एवढी मस्त चकाकतेय तर लगेच वॅक्स मारून ती चमक पक्की करून टाकू असं वाटतं. उत्तर आधीच देतो, थांबा. गॅरेजमध्ये बूथला (रंग मारून गरम हवेत भाजायची बंद खोली) लावून रंगवली असेल तर कमीत कमी ३० दिवस, आणि बूथ वगैरे काही नव्हतं, नुसती हवेवर वाळवली असेल तर ६० ते ९० दिवस वॅक्सचा डबा कपाटातच राहू दे. पेंटच्या कंपनीने स्वतःचा काही वेगळा आकडा दिला असेल तर तो खरा धरायचा, माझा नाही.

आता हे कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही ते आधी बघू, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. शोरूममधून नवी कोरी गाडी घेतली असेल तर हा नियम तुमच्यासाठी नाहीच. कारखान्यात रंग मारतात तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो, सीट नाही, वायरिंग नाही, टायर नाही, त्यामुळे त्यांना ती बॉडी साधारण १४० डिग्री सेल्सियसच्या भट्टीतून काढता येते आणि रंग तिथेच पूर्ण पक्का होऊन बाहेर पडतो. तुमच्या दारात येईपर्यंत त्या रंगाला बरेच दिवस झालेले असतात. अशा गाडीला पहिल्याच आठवड्यात वॅक्स लावलंत तरी काही बिघडत नाही. फक्त एक शंका मनात ठेवायची, वाहतुकीत किंवा यार्डात ओरखडा पडून डिलिव्हरीच्या आधी एखादं पॅनल परत रंगवलेलं असू शकतं, तर ते एकदा विचारून घ्या.

गॅरेजवाल्याला मात्र ही चैन परवडत नाही. तुमची अख्खी गाडी १४० डिग्रीला घातली तर रबर, प्लास्टिक, वायरी सगळ्याचं वाटोळं होईल. म्हणून तिथे टू-के पेंट वापरतात, म्हणजे रंगात किंवा वरच्या क्लिअर कोटमध्ये (रंगावरचा पारदर्शक थर) हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारं रसायन, मिसळायचा आणि बूथमध्ये साधारण ६० डिग्रीला अर्धा तास ठेवायचं. तेवढ्यात रंग हाताला कोरडा लागतो, पार्ट परत बसवता येतात, गाडी चालवत घरी नेता येते. पण हाताला कोरडा लागणं वेगळं आणि आतपर्यंत पक्का होणं वेगळं. आत दोन गोष्टी चालू असतात, एक म्हणजे थिनर उडून जात असतो आणि दुसरं म्हणजे हार्डनर आणि रेझिन (रंगातला चिकट घटक) एकमेकांत गुंतून घट्ट होत असतात. वरचा थर आधी सुकतो, त्यामुळे खालचा उरलेला थिनर त्या थरातून हळूहळू झिरपत बाहेर येतो आणि याला काही आठवडे लागतात. थोडक्यात वरून कीर्तन आतून तमाशा.

अशा वेळी वरून वॅक्स लावलं की त्या थिनरच्या वाटेत आपण अडथळा घातला. मग रंग जास्त दिवस मऊ राहतो, नुसतं फडकं फिरवलं तरी गोल गोल बारीक ओरखडे पडतात, महिन्या-दोन महिन्यात चमक मरून धुरकट दिसायला लागतो आणि अगदीच नशीब वाईट असेल तर बारीक फोड येतात. दर वेळी असं होतंच असं नाही हं. बरेच पेंटर सांगतात की आताच्या टू-केला एवढं थांबायची गरज नाही, फास्ट हार्डनर टाकलाय, बूथमध्ये नीट भाजलाय, दोन आठवड्यात लावा बिनधास्त. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हार्डनरवाला रंग जुन्या लॅकर-इनॅमलपेक्षा खूप लवकर घट्ट होतो. पण मला विचाराल तर थांबण्यात तुमचं काहीच जात नाही, क्लिअर कोट मुळातच ऊन-पाणी सोसायला बनवलेला असतो, महिनाभर वॅक्स नसल्याने तो मरत नाही. घाई केली आणि बिघडलं तर मात्र परत रंगवण्याचा खर्च.

गाडी ताब्यात घेतानाच पेंटरला काही गोष्टी विचारा आणि जमलं तर बिलावरच लिहून घ्या. रंग टू-के आहे का, कुठल्या कंपनीचा, बूथमध्ये भाजला की हवेवर वाळवला, शेवटचा कोट कुठल्या तारखेला मारला (डिलिव्हरीची तारीख नव्हे, दिवस कोटपासून मोजायचे), आणि लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) कुठे कुठे भरलीय. लांबीचं का विचारायचं, तर जिथे पुट्टी आणि प्रायमर जाड बसलाय आणि वर रंगाचे चार हात मारलेत तिथे थिनर जास्त अडकलेला असतो, ते पॅनल बाकीच्यांपेक्षा उशिरा तयार होतं. थंडी असेल, हवा दमट असेल तरी दिवस वाढवायचे. ३० म्हणाले असतील तर ४५ धरा, कोणी मागे लागलेलं नाहीये.

घरच्या घरी तपासायचं असेल तर दोन साधे उपाय आहेत. एक म्हणजे वास. गाडी तासभर उन्हात उभी करा आणि मग नाक बोनेटच्या अगदी जवळ नेऊन वास घ्या, थिनरचा वास जराही आला तर विषय संपला, थांबा. दुसरं नख, पण हे बोनेटच्या मधोमध करू नका प्लीज, बंपरच्या खालच्या कडेला किंवा कुठेतरी दिसणार नाही अशा जागी हलकेच नख दाबायचं आणि उजेडात तिरकं बघायचं. बारीक चंद्रकोरीसारखा ठसा राहिला तर रंग अजून मऊ आहे. मात्र या दोन्ही टेस्ट फक्त नाही म्हणू शकतात, हो म्हणू शकत नाहीत. वास गेला आणि नख उमटलं नाही म्हणजे रंग पूर्ण पक्का झालाच असं नाही, म्हणून दिवस मोजायचे ते मोजायचेच.

आता मधल्या काळात काय करायचं, तर माझ्या मते खरं काम हेच आहे. वॅक्स लावणं हा दोन-तीन तासांचा खेळ आहे, पण पहिल्या महिन्यात गाडी कशी पुसली-धुतली त्यावर तो रंग पुढची काही वर्षं कसा दिसेल ते ठरतं. नव्या रंगाला ऊन-वाऱ्यापेक्षा कोरड्या फडक्याचा धोका जास्त.

पहिला आठवडा शक्यतो धुवायच्या भानगडीत पडू नका. पावसात भिजली तर भिजू दे, पाणी अंगावर वाळून डाग पडणार नाहीत एवढं बघा. त्यानंतर साधं पाणी आणि कारचा सौम्य शॅम्पू, पीएच न्यूट्रल लिहिलेला. भांड्यांचा साबण नको, कपड्यांची पावडर तर अजिबात नको. आणि इथे बरेच जण फसतात ते असं की शॅम्पूच्या बाटलीवर वॉश अँड वॅक्स लिहिलेलं असतं आणि लक्ष जात नाही, म्हणजे वॅक्ससाठी महिनाभर थांबायचं आणि शॅम्पूतून दर आठवड्याला तेच लावायचं. लेबल वाचा. पुसून चमकवायचे जे स्प्रे मिळतात त्यातही बऱ्याचदा वॅक्स नाहीतर सिलिकॉन असतं, तेही तोपर्यंत बाजूला.

धुताना दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी, आणि हातमोजा दर पॅनलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच परत शॅम्पूत बुडवायचा. वरून सुरुवात करून खाली यायचं, कारण रेती-चिखल सगळा खालच्या पट्ट्यात असतो. ब्रश फिरणाऱ्या ऑटोमॅटिक वॉशला गाडी नेऊ नका, आणि प्रेशर वॉशरचा फवारा अगदी जवळून रंगाच्या कडेवर मारू नका, कडेखाली पाणी घुसलं तर पापुद्रा निघतो.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो कव्हरचा. नवा रंग म्हणून लोक काळजीने रोज रात्री गाडीवर कव्हर घालतात आणि तेच सगळ्यात वाईट. एकतर हवा कोंडते, थिनर जायला जागा राहत नाही, ओल अडकते, आणि वर वाऱ्याने ते कापड रात्रभर धुळीसकट रंगावर घासत राहतं. मऊ रंगावर कव्हरच्या विणीचा ठसासुद्धा उमटतो. कव्हर नको, मोकळ्या हवेत उभी करा, ऊन लागलं तरी चालेल, उबेने रंग सुकायला मदतच होते. फक्त झाडाखाली नको, डिंक आणि पक्ष्यांची शिट दोन्ही नव्या रंगाला चांगल्याच बाधतात. शिट पडलीच तर त्याच दिवशी काढा, पण खरवडून नाही, ओलं मऊ फडकं त्यावर पाचेक मिनिटं नुसतं ठेवायचं आणि भिजून सैल झाली की उचलून घ्यायची. स्टिकर, नंबरच्या पट्ट्या, पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) यांनाही तोपर्यंत सुट्टी.

फक्त एक दरवाजा किंवा बंपर रंगवलाय आणि बाकी गाडी जुनीच आहे, तर सोपं आहे. बाकीच्या गाडीला खुशाल वॅक्स लावा, ते पॅनल तेवढं सोडा. हात फिरता फिरता तिकडे जाऊ नये म्हणून फटीपाशी दोन बोटं आधीच थांबायचं. मास्किंग टेप लावायची असेल तर जुन्या पॅनलच्या कडेला लावा, नव्या रंगावर चुकूनही नको, काढताना डाग किंवा ठसा राहू शकतो.

दिवस भरले. आता लावायचं काय.

कार्नोबा वॅक्स म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरचं मेण, ८० डिग्रीच्या वर वितळणारं आणि मुळात दगडासारखं कडक, म्हणून त्यात तेलं आणि सॉल्व्हंट मिसळून ते लावता येण्यासारखं करतात. गडद रंगावर याची चमक खोल दिसते, पण टिकतं साधारण सहा ते आठ आठवडे. सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी कृत्रिम रसायनाचा संरक्षक थर) चार-सहा महिने जातो, दिसायला जरा कोरडा, काचेसारखा. नव्या रंगाच्या पहिल्या वेळेला मी साधं कार्नोबाच सुचवेन, लावायला सोपं आणि काही पेंटचं काम राहिलं असेल तर काढायलाही सोपं. क्लीनर वॅक्स नको, त्यात रंग घासणारं कम्पाउंड असतं. नव्या रंगावर घासून काढण्यासारखं काही नाहीच, उगाच क्लिअर कोट कशाला झिजवायचा, तो असतो साधारण ४०-५० मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. सिरॅमिक कोटिंग करायचं डोक्यात असेल तर त्याला आणखी धीर धरा, ते वॅक्ससारखं सहज निघत नाही, खाली काही राहून गेलं तर ते कोंडलंच म्हणून समजा.

आणि मॅट फिनिश असेल तर हे सगळं विसरा, मॅटवर वॅक्स लावायचंच नाही. चमकदार पट्टे पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत, त्यासाठी वेगळी प्रॉडक्ट्स मिळतात ती घ्या.

सावलीची जागा बघा आणि गाडी थंड असू दे. बोनेटला हाताची पालथी बाजू लावून बघायची, कोमट लागलं तरी थांबा, गरम पत्र्यावर वॅक्स लगेच वाळून चिकटून बसतं आणि मग काढताना घाम निघतो. नीट धुवा, मायक्रोफायबरच्या जाड टॉवेलने टिपून घ्या, आरशांमागून आणि दाराच्या हँडलमधून उशिरा गळणारं पाणी विसरू नका कारण तेच थेंब वॅक्समध्ये येऊन पांढरे ओघळ पाडतात. मग बोटं पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून रंगावरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून लगेच कळतं, खरखर लागली तर धूळ किंवा शेजारच्या गाडीच्या रंगाचे कण बसलेत. तेवढ्याच जागी क्ले बार (चिकटलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा) भरपूर पाणी-लुब्रिकंट मारून, अजिबात जोर न लावता फिरवा. गुळगुळीत लागलं तर क्लेच्या वाटेला जायचंच नाही.

काळ्या खरबरीत प्लास्टिकला, रबराच्या पट्ट्यांना टेप लावून घ्या, त्यावर वॅक्स लागलं की पांढरे डाग पडतात आणि ते काढताना नाकी नऊ येतात.

फोमचं अॅप्लिकेटर किंचित ओलं करून घट्ट पिळा, त्यावर एका नाण्याएवढं वॅक्स घ्या आणि अर्धं बोनेट त्यात झालं पाहिजे. खरंच होतं. जास्त लावलं म्हणजे जास्त चमक असं काही नाही, रंगाला जेवढं धरायचं तेवढंच धरतो, उरलेलं तुम्हालाच पुसून काढायचंय. सरळ पट्ट्यांत लावा, आडव्या मग उभ्या, गोल गोल नको, म्हणजे चुकून कण अडकला तरी गोल ओरखडे उठणार नाहीत. थर इतका पातळ हवा की तिरकं बघितल्यावर नुसती वाफ धरल्यासारखं दिसेल.

मग वाळू द्यायचं, किती ते डब्यावर लिहिलेलं असतं पण हवेप्रमाणे बदलतं, म्हणून बोट फिरवून बघायचं. स्वच्छ बोटाने एक रेघ ओढा. बोटामागे रंग लख्ख दिसला आणि बोटाला कोरडी भुकटी लागली तर पुसायला घ्या, रेघ फरकटली, तेलकट दिसली तर अजून वेळ आहे. थोडा वेळ लागेल, तेवढ्यात पुढच्या पॅनलला हात घाला. काही वॅक्स मात्र लावल्या लावल्या पुसायची असतात, म्हणून डबा एकदा वाचाच.

पुसायला मऊ, लांब धाग्यांचं मायक्रोफायबर, चार घडी करून. पहिल्या बाजूने बरंचसं उचलायचं, उलटून दुसऱ्या बाजूने चमकवायचं, आणि बाजू भरली की घडी बदलायची. जोर नको, फडक्याच्या वजनाएवढाच हात. फडकं खाली पडलं तर झटकून परत वापरू नका, सरळ धुण्यात टाका, एक रेतीचा कण पुरतो. लेबल शिवलेलं असेल तर आधी कापून टाका. ही फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने धागे लेपटतात आणि फडकं पुसायच्या ऐवजी फासायला लागतं.

एक कोट पुरतो. दुसरा मारायचाच असेल तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि तोही चमक वाढावी म्हणून नाही तर पहिल्या वेळी जिथे हात पोचला नाही ती जागा भरून निघावी म्हणून. लावल्यावर शक्यतो एक दिवस गाडी पाण्यापासून लांब ठेवा. पुढे कधी परत लावायचं ते पाणीच सांगतं, थेंब गोल टपोरे उभे राहत होते ते पसरून चपटे व्हायला लागले की वेळ झाली.

टू-व्हीलरवाल्यांसाठी वेगळं थोडंच आहे. टाकी रंगवली असेल तर सुरुवातीचे आठवडे पेट्रोल भरताना स्वतः लक्ष द्या, कच्च्या रंगावर सांडलेलं पेट्रोल तिथेच डाग सोडतं, सांडलं तर लगेच पाणी ओता आणि टिपा. वॅक्स लावताना इंजिन पूर्ण थंड हवं. आणि सीट, फूटरेस्ट, हँडलच्या ग्रिप, टायर, ब्रेकची डिस्क यांच्या आसपास वॅक्स फिरकू देऊ नका, हे दिसण्यासाठी नाही सांगत, सीटवरून घसरला किंवा ब्रेक लागला नाही तर काय होईल ते सांगायला नको.

आणि हे वाचेपर्यंत कोणी दहाव्या दिवशीच वॅक्स लावून मोकळा झाला असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा काही होत नाही. वॅक्स काढायला म्हणून थिनर, पेट्रोल, कम्पाउंड असलं काही घेऊन बसू नका, मऊ रंगाची त्यात जास्त वाट लागेल. नेहमीच्या सौम्य शॅम्पूने एकदा-दोनदा धुवा, जेवढं जाईल तेवढं जाऊ दे, गाडी हवेशीर जागी उबेत ठेवा आणि पुढचा हात पूर्ण दिवस भरल्यावरच. मधल्या काळात एखादा भाग धुरकट दिसायला लागला किंवा फोड आले तर त्यावर आणखी काही न लावता तसाच पेंटरला दाखवा, आणि वॅक्स लावलं होतं हे लपवू नका. सिलिकॉन असलेलं काही त्यावर गेलं असेल आणि त्याने नीट साफ न करता परत रंग मारला तर नवा रंग त्या जागी फाटतो, बारीक गोल खड्डे पडतात, त्याला ते फिशआय म्हणतात, आणि मग तुमचं नि त्याचं दोघांचंही काम वाढतं.